गेलेले सहा किलो गेले कुठे?

प्रश्न : माझं वय ४६. सांगलीत बँकेत नोकरी करते. गेल्या आठ महिन्यांत रोज चालून आणि खाण्याला जरा शिस्त लावून माझं सहा किलो वजन उतरलं. परवा नववीतल्या लेकीनं विचारलं, "आई, ते सहा किलो गेले कुठे?" मी म्हटलं, घामावाटे. हे म्हणाले, त्याची ऊर्जा झाली. सासूबाई म्हणाल्या, पोट साफ होतंय म्हणून. आमच्या तिघांत बरोबर कोण?

उत्तर : ताई, लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या. प्रश्न अस्सल आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्या तिघांच्याही उत्तरापेक्षा वेगळं आहे. तुमची बरीचशी चरबी श्वासावाटे बाहेर पडली.

चरबीचा रेणू कार्बन, हायड्रोजन आणि थोडा ऑक्सिजन यांचा बनलेला असतो. शरीराला इंधन कमी पडलं की पेशी हा साठा फोडतात आणि तुम्ही श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होतो. त्यातून ऊर्जा मोकळी होते आणि दोन गोष्टी उरतात: कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. म्हणजे तुमच्या यजमानांचं म्हणणं निम्मं खरं आहे. ऊर्जा मिळाली, पण चरबीतले अणू काही ऊर्जेत विरून गेले नाहीत. वस्तुमानाची ऊर्जा होण्याची क्रिया अणुभट्टीत घडते, आपल्या स्नायूंत नाही. अणू जसेच्या तसे असतात, फक्त त्यांची मांडणी बदलते आणि ते शरीराबाहेर पडतात.

किती आणि कुठून, याचा नेमका हिशेब ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडला. दहा किलो चरबी पूर्ण जळली, तर तिच्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन फुप्फुसांतून जातात आणि उरलेले १.६ किलो पाणी होतात. ते पाणी लघवी, घाम, श्वासातली वाफ अशा वाटांनी निघतं. तुमचे सहाच्या सहा किलो चरबीचेच होते असं धरलं, तर पाच किलो हवेत गेले आणि एक किलोचं पाणी झालं. प्रत्यक्षात वजन उतरताना चरबीबरोबर थोडा स्नायू आणि थोडं साठलेलं पाणीही जातं, त्याकडे पुढे येतो. मीरमन-ब्राउन यांनी हाच प्रश्न डॉक्टरांना, आहारतज्ज्ञांना आणि व्यायाम शिकवणाऱ्यांनाही विचारला होता. निम्म्याहून अधिक जणांनी 'ऊर्जा किंवा उष्णता' असंच उत्तर दिलं. तेव्हा तुमच्या यजमानांनी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

खरं तर यामागचं तत्त्व सव्वादोनशे वर्षांहून जुनं आहे. फ्रान्समध्ये १७८० च्या दशकात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एका गिनीपिगला बर्फानं वेढलेल्या पात्रात ठेवलं. त्याच्या अंगच्या उष्णतेनं किती बर्फ वितळला आणि त्यानं किती वायू श्वासातून सोडला, हे त्यांनी मोजलं. कोळसा जळताना जे घडतं तेच प्राण्याच्या शरीरात घडतं, फक्त ज्वाळेविना आणि सावकाश, असा त्यांचा निष्कर्ष होता. शाळेत श्वसनाचा धडा आपण सगळेच शिकतो, पण तो आपल्या कंबरेशी जोडून कुणी शिकवत नाही.

लेकीला आणखी एक सांगा. आपण सगळे रोज श्वासातून सुमारे २०० ग्रॅम कार्बन बाहेर टाकतो आणि त्यातला जवळपास पाव हिस्सा झोपेत जातो. रात्रीच्यापेक्षा सकाळी काटा थोडा कमी दाखवतो, त्यामागे हा कार्बन आणि श्वासातली, त्वचेवरची वाफ असते. दिवसभरात आपण तो कार्बन अन्नातून परत घेतो. जितका गेला त्याहून कमी घेतला, तर उरलेला साठ्यातून काढावा लागतो. वजन उतरणं म्हणतात ते एवढंच.

प्रश्न : मग जोरजोरात श्वास घेतला किंवा प्राणायाम वाढवला, तर चरबी लवकर जाईल का? आणि घाम काढणारे पट्टे?

उत्तर : नाही. कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांत तयार होत नाही. तो पेशींत तयार होतो, आणि तोही पेशींना काम पडलं तरच. काम न वाढवता नुसता श्वास वाढवलात, तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, हातापायांना मुंग्या येतात, चक्कर येते. चरबी होती तिथेच राहते. प्राणायाम मनाच्या स्वास्थ्यासाठी, झोपेसाठी जरूर करा, पण कंबरेचा भार त्याच्यावर टाकू नका.

पोटाला बांधायच्या पट्ट्यानं पाणी जातं, आणि पहिल्या तांब्याभर पाण्याबरोबर ते परत येतं. त्यावर पैसे घालवू नका. सकाळच्या गरम पाण्यातल्या मध-लिंबाचंही तसंच. लिंबू चांगलंच, पण मध हीही साखरच आहे आणि चरबी वितळवण्याचा कुठलाही गुण त्यात नाही.

प्रश्न : मी रोज चार किलोमीटर चालते. एवढं चालूनही आठ महिन्यांत सहाच किलो! मैत्रिणी म्हणतात, दहा हजार पावलं झालीच पाहिजेत. आणखी चालू का?

उत्तर : 'सहाच' म्हणू नका. हिशेब बघा. मध्यम वजनाची बाई एक किलोमीटर चालली की साधारण ५० कॅलरी खर्च होतात. चार किलोमीटरच्या २०० झाल्या. एक किलो शारीरिक चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे खाणं तसूभर न वाढवता नुसतं चालून एक किलो उतरायला जवळपास चाळीस दिवस लागतात. आठ महिन्यांत सहा किलो हा हिशेब तंतोतंत जुळतो, आणि फार थोड्या जणांना तो जुळवता येतो. कारण चालून आल्यावर भूक लागते आणि या २०० कॅलरी भरून यायला पाच मिनिटं पुरतात.

महिन्यात दहा किलो उतरवून देण्याच्या जाहिराती का खोट्या असतात, तेही याच आकड्यांतून कळतं. रोज एक किलोच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी चरबी जाळायची, तर रोज अडीच हजार कॅलरींची तूट हवी. तुमचा दिवसाचा सगळा खर्चच तेवढा नसतो. सुरुवातीला भराभर उतरतं ते बरंचसं पाणी असतं.

दहा हजारांचा आकडा वैद्यकातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मानपो-केई' होतं, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. आकडा लक्षात राहणारा होता, म्हणून टिकला. २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी फायदा दिसेनासा झाला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगते. तुमचं चालणं त्यात बसतं. ते वाढवण्यापेक्षा दोन बदल करा. एक म्हणजे चालण्यातली दहा-पंधरा मिनिटं रात्रीच्या जेवणानंतर ठेवा, कारण चालणारा स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतो. आणि दुसरं म्हणजे, स्नायूंच्या त्या दोन दिवसांच्या व्यायामाचं काहीतरी कराच. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही.

त्यासाठी व्यायामशाळेचं शुल्क भरावं लागत नाही. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर काढणं, पाण्यानं भरलेल्या दोन बाटल्या खांद्यावर उचलणं, बँकेचा जिना. सूर्यनमस्कार येत असतील तर सावकाश घाला, म्हणजे हातांवर आणि मांड्यांवर खरोखर भार येईल. चाळिशीनंतर, आणि बायकांत पाळी जाण्याच्या काळात, स्नायू आपोआप झिजू लागतात. खाणं कमी केलेल्या माणसाचे ते आणखी लवकर झिजतात. तुमच्या सहा किलोंत स्नायूचा वाटा किती होता, ते काटा सांगणार नाही. पुढच्या किलोंत तो कमी राहावा, एवढं मात्र तुमच्या हातात आहे.

प्रश्न : जेवणाचं काय? पोळी सोडून भाकरी सुरू केली. भात बंद. चारच्या सुमाराला बँकेत मूठभर भडंग आणि चहा. उपवासाला खिचडी. काही चुकतंय का?

उत्तर : आधी भाताला माफ करा. वाटीभर भातानं कुणी लठ्ठ होत नाही. भाकरी उत्तम, पण ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्याच असतात. भाकरीचा फायदा असा की ती चावून चावून खावी लागते, तिच्यात तेल नसतं आणि पोट भरल्याची जाणीव लवकर होते. हा फायदा दोन भाकऱ्यांपर्यंत. तिसरी आली की संपला.

आपल्या ताटात खरी उणीव दुसरीकडे आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली भारतीयांसाठी आहाराचे नवे नियम प्रसिद्ध केले. दिवसाला २,००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर असं माप आहे. हे कच्च्या जिनसांचं वजन आहे. एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ८५ ग्रॅम डाळ तोलून बघाच. चौघांच्या घरात रोज सुमारे ३४० ग्रॅम डाळ-कडधान्य शिजायला हवं. आपल्या पातळ आमटीत याच्या निम्मीही नसते. मग पोट भरायचं काम पोळी-भाकरीवर पडतं आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते. रोजच्या एका जेवणात मटकीची, मुगाची, चवळीची घट्ट उसळ वाटीभर घ्या. पिठलं आणि हुलग्याचं माडगं हे आपल्याकडचे स्वस्त आणि उत्तम पदार्थ आहेत. खात असाल तर अंडी, मासे घ्या. प्रथिनानं पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि स्नायू टिकतात.

कोशिंबीर आपण ताटाच्या डाव्या बाजूला चमचाभर वाढतो. ती वाटीभर वाढा. पालेभाजी उजवीकडे आहेच, तीही दुप्पट करा. जागा आपोआप धान्याची कमी होईल, सोडायचं काहीच नाही.

आता तेल. माझ्या मते मराठी घरातल्या वजनाची गुरुकिल्ली पोळी-भातात नाही, तेलाच्या डब्यात आहे. कुठलंही तेल असो, शेंगदाण्याचं, करडईचं, ऑलिव्हचं, किंवा घरचं साजूक तूप, एका ग्रॅमला नऊ कॅलरी. पोषण संस्थेच्या मापानुसार माणशी दिवसाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम. महिन्याला चौघांचं सव्वातीन किलो, लिटरच्या मापात साडेतीनच्या आसपास. तुमच्या घरी महिन्याला किती डबे लागतात, ते किराणाच्या यादीत बघा. पाच लिटर लागत असेल, तर माणशी रोज सुमारे शंभर कॅलरी नकळत वाढल्या, आणि तुमचं निम्मं चालणं फोडणीतच संपलं. तेल बाटलीतून किंवा पळीनं ओतू नका, चमच्यानं मोजून घाला. महिन्याच्या सुरुवातीला घराचं तेल वेगळ्या बरणीत काढून ठेवा आणि ते संपेपर्यंत दुसरं आणू नका. हा उपाय मला फार आवडतो, कारण तो घरातल्या सगळ्यांना एकदमच लागू होतो आणि कुणाच्या ताटावर कुणाला नजर ठेवावी लागत नाही.

भडंगातले चुरमुरे हलकेच असतात, पण ते मुरवले जातात तेलात आणि सोबत शेंगदाणे. खरोखरची एक मूठ, बशीत काढून, हरकत नाही. पुड्यातून खाऊ नका. चहात साखर किती घालता, ते तुम्ही लिहिलं नाही. दिवसाला तीन चहा आणि प्रत्येकात दोन चमचे म्हणजे ३० ग्रॅम साखर झाली, आणि सांगितलेली मर्यादा दिवसाला २५ ग्रॅमची आहे. एक चमचा आठवड्याआठवड्यानं कमी करा, जीभ सरावते.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिनं नाहीत, तंतूही नाहीत, आणि वर दाण्याचं कूट, तूप. एकादशीला खिचडी हवीच असेल तर खा, आनंदानं खा, पण एक वाटी, आणि सोबत काकडीची कोशिंबीर, दही. वरईचा भात आणि राजगिरा त्याहून बरे.

प्रश्न : आमच्या शाखेत अर्धे लोक 'दीक्षित डाएट' करतात, दोनदाच जेवतात. काही जण दर दोन तासांनी थोडं थोडं खातात. खरं कुणाचं?

उत्तर : डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवरून महाराष्ट्रात घराघरांत पोचवलेला हा प्रयोग आहे: दोन जेवणं, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत, आणि रोज चालणं. त्यामुळे हजारो लोकांचं मधलं फरसाण, बिस्किटं आणि गोड चहा सुटला, ही मोठी गोष्ट आहे. वजन उतरण्याचं मुख्य श्रेय मी त्यालाच देईन, घड्याळाला नाही. चीनमध्ये १३९ लठ्ठ लोकांवर वर्षभर चाचणी झाली, २०२२ साली ती प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांना खाणं सारखंच कमी करायला सांगितलं, एका गटानं ते सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच खायचं. दोन्ही गटांचं वजन उतरलं, आणि दोहोंतला फरक दखल घेण्याजोगा ठरला नाही. जी पद्धत तुम्हाला पाच वर्षं पाळता येईल, ती तुमची. दर दोन तासांनी खायला मात्र मी सांगणार नाही, कारण त्या 'थोडं थोडं' चं माप कुणालाच राखता येत नाही. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण गाळू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते.

प्रश्न : माझे यजमान सडपातळ आहेत, फक्त पोट पुढे आलंय. ते म्हणतात, मला कशाला चालायला हवं?

उत्तर : त्यांना पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं छायाचित्र दाखवायला हवं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. शेजारी त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी, आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण भारतीय दिसायला बारीक असूनही आतून, विशेषतः पोटात, चरबी बाळगतो. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या मातांचा आणि बाळांचा अभ्यास केला, तेव्हा जन्मतः कमी वजनाच्या बाळांतही हाच प्रकार दिसला: स्नायू कमी, चरबी टिकून. मधुमेह आपल्याकडे लवकर गाठतो, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

म्हणून आपल्यासाठी बीएमआयची सावधगिरीची रेघ २५ ऐवजी २३ वर आहे, आणि कंबरेची पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८०. टेप नसेल तर सुतळी घ्या. यजमानांच्या उंचीएवढी कापा, दुमडून निम्मी करा आणि श्वास सोडून, बेंबीच्या जरा वर, कंबरेभोवती गुंडाळा. टोकं जुळली नाहीत, तर त्यांना तुमच्यापेक्षा जास्त गरज आहे. त्यांनी तुमच्याबरोबर चालायला यावं आणि उपाशीपोटीची साखर तपासून घ्यावी.

प्रश्न : हे वजन परत येईल का?

उत्तर : सांभाळलं नाही, तर येईल, आणि त्यात तुमच्या निग्रहाचा दोष नसतो. स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेतल्या कर्स्टी स्पॉल्डिंग आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवलं, की वजन उतरलं तरी चरबीच्या पेशींची संख्या घटत नाही. त्या फक्त रोडावतात. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांनी हवेत वाढलेला किरणोत्सारी कार्बन त्यांनी या पेशींचं वय मोजायला वापरला. दरवर्षी सुमारे दहा टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. शिवाय उतरलेल्या शरीराचा रोजचा खर्च पूर्वीपेक्षा कमी असतो, आणि भूक मात्र जुनीच मागणी करत राहते. म्हणून दोन किलो परत आले की घाबरू नका, लाजूही नका. तेलाची बरणी बघा, झोप बघा, आठवड्यातले चालण्याचे दिवस मोजा. रोज काट्यावर उभं राहण्याची गरज नाही, आठवड्यातून एकदा, सकाळी, पुरे.

प्रश्न : शेवटचं. सासूबाई ७१ वर्षांच्या. काहीही न करता त्यांचं वजन सहा महिन्यांत ५८ वरून ५४ वर आलं. त्या खूश आहेत. त्यांचंही श्वासावाटेच गेलं का?

उत्तर : ताई, खरं तर तुमच्या पत्रातला पहिला प्रश्न हाच असायला हवा होता. न ठरवता सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, तर त्याचं कारण शोधावंच लागतं, आणि सासूबाईंचं जवळपास सात टक्के उतरलं आहे. या वयात असं उतरणारं वजन बरंचसं स्नायूंचं असतं. मांड्यांतली ताकद गेली की बाथरूममधलं एक घसरणं खुब्याच्या हाडावर येतं. त्यांना दम लागतो का, रात्री ताप किंवा घाम येतो का, खोकला आहे का, कवळी दुखते म्हणून चावणं टाळतात का, एकट्या जेवतात का, उदास असतात का, हे शांतपणे विचारा. साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि डॉक्टर सांगतील त्या बाकीच्या तपासण्या करून घ्या. छातीचा एक्स-रे सांगितला तर टाळू नका. चालू औषधांची सगळी पाकिटं पिशवीत घालून सोबत न्या. आणि तोवर त्यांच्या ताटातलं तेल-तूप कमी करू नका. तुमचे नियम तुमच्यासाठी आहेत. त्यांना दोन्ही वेळा मऊ मुगाची खिचडी वर तूप घालून, दही, पेजेत शिजवलेली डाळ, चालत असेल तर अंडं द्या. या आठवड्यातच डॉक्टरांकडे घेऊन जा.